हरणीच्या हाताखाली

बार्शीटाकळी
४ सप्टेंबर २००५

अनीसा,

तुला सलाम, गफ्फारभाईंना जयभीम. डी.एड.ला असताना पत्राचा मायना तू मला शिकवला होतास. तो मी केव्हाच विसरले, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

मला कुत्रं घ्यायचं आहे. पिल्लूच हवं, आणि थंडी पडायच्या आत हवं. अमरावतीत हल्ली नाना जातींची कुत्री मिळतात म्हणे. शेतावर कोणती जात टिकेल ते जरा बघ. तुला कुत्र्यातलं ओ का ठो कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण लोकांना कामाला लावण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. तुझ्या पोराला, दानिशला, स्कूटरवर हिंडव.

घरची खबर बरी नाही, दोन्ही कुत्री आजारी आहेत. हरणीच्या किडन्या गेल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, काही महिने काढेल, फार ओढू नका. बुटक्याला पावसाळ्यात ताप आला, त्यात त्याचे मागचे पाय गेले. सध्या माझ्या घराचा दवाखाना झालाय. मेट्रन मी आणि झाडूवालीही मीच.

फोन करू नकोस, पत्रच लिही.

तुझी,
दुर्गा


अमरावती
१२ सप्टेंबर २००५

दुर्गाबाई,

बाई म्हणतेय म्हणजे मी रागावले आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

हरणी अजून श्वास घेतेय ना? मग तिच्या डोळ्यांदेखत नवीन कुत्र्याची चौकशी तुला करवते तरी कशी? तुझ्या सुगतचे बाबा गेले तेव्हा ती तुझ्या खाटेखालून हलली नव्हती. मी दारातून पाहिलं होतं. आत आले नाही, कारण मला कुत्र्यांची भीती वाटते आणि आमच्या घरात त्यांचा विटाळ मानतात. तरी त्या जनावराबद्दल माझ्या मनात इज्जत आहे. आजारी बाई अंथरुणात असताना नवऱ्यासाठी दुसरी पाहायला जातात तशातली ही गत झाली.

पत्र लिही म्हणालीस, तरी मी फोन केलाच. मी विचारत होते हरणीचं, तू सांगत होतीस सोयाबीनचं. मग म्हणालीस, "बरं हाय सारं, ठेवतो," आणि ठेवलास. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीशी कोणी असं बोलतं का?

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बेगम, तुम कुत्तों की पंचायत में कायको पडती?" मी म्हटलं, पडत नाही. तर आता नाहीच पडत.

अनीसा


बार्शीटाकळी
२० सप्टेंबर २००५

अनीसा,

तुझा राग मिळाला. तिखट होता, पण पोटभर होता.

आता शांतपणे ऐक. हरणी मेल्यावर पिल्लू आणलं तर ते माझ्या काही कामाचं नाही. हरणी जिवंत आहे तोवरच आणायला हवं, कारण त्याला शिकवणार हरणी. शेतातलं कुत्रं माणसाच्या शिकवण्यानं शिकत नाही, जुन्या कुत्र्याच्या मागे हिंडून शिकतं. आपल्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, कुठे संपतो, रोही-नीलगाई कुठून शिरतात, कोणता बैल शेजाऱ्याचा आहे म्हणून त्याच्यावर धावायचं नाही, हे सगळं हरणी म्हाताऱ्या काळ्याकडून शिकली. तो तेव्हा एका डोळ्यानं आंधळा होता. आमच्याकडे असंच चालतं. जुन्याच्या हाताखाली नवं तयार होतं. जुनं आधीच गेलं तर नवं नुसतं भाकरी खातं.

हरणीच्या डोळ्यांदेखत म्हणालीस ना? तेच तर हवंय मला.

गावातलंच पिल्लू घे म्हणशील. यंदा गावात कुत्र्यांची साथ आली. बुटक्याचे पाय तिनंच नेले. आधीच माणसं शेतं सोडून चाललीत. जानराव तर बैल विकून बायकोपोरांसकट पुण्याला बांधकामावर गेला, त्याची कुत्री धुऱ्यावर बसून राहिली. तिची पिल्लंही त्या साथीत गेली. म्हणून सुया टोचलेलं, तपासलेलं पिल्लू हवं. ते अमरावतीलाच मिळेल.

आणि माझं काय पणाला लागलंय तेही सांगते. सुगत म्हणतो, शेत वीक आणि पुण्याला चल, एकटी कशी राहशील? अनीसा, माझ्या बापाच्या नावावर उभं राहण्यापुरतीसुद्धा जमीन नव्हती. हे तीन एकर मी मास्तरणीच्या पगारातून घेतले. सातबारावर दुर्गा हे नाव पाहून माझी माय तलाठ्यासमोर रडली होती. इथं मी राहू शकते हे सुगतला पटलं पाहिजे, आणि कुत्र्याशिवाय मी इथं राहू शकत नाही. संक्रांतीच्या सुमाराला तो येईल.

हरणीच्या पाठीच्या कातडीखाली सलाईन द्यायला मी शिकले. पहिल्या वेळी दोनदा चुकले. ती बिचारी मान वळवून माझ्याकडे बघत बसली, जसं काही सुई मलाच टोचली. मटणाचं पाणी बंद, दुधी आणि भात चालू. बुटक्याला जुन्या लुगड्याची झोळी करून कमरेखालून धरते, मग आम्ही दोघं अंगणात फेऱ्या मारतो. तो पुढच्या पायांनी मला ओढतो. काल मी दमले, तो नाही.

दुर्गा


अमरावती
१० ऑक्टोबर २००५

दुर्गे,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. लुगड्याच्या झोळीपाशी आले तेव्हा ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "दानिश को बोलो, दुकान मैं देखता हूं." म्हणजे समज, आमचं अख्खं घर आता पंचायतीत पडलं.

रमजान सुरू झालाय. रोजा धरून मी कुत्री पाहत फिरतेय. अल्लामियाँ हिशेब कसा लावतील ते तेच जाणोत. कॅम्पातल्या एका बंगल्यात पॉमेरियन पाहिलं. ते तुझ्या शेतात पहिल्याच दिवशी कापसाचं बोंड समजून वेचलं जाईल. डॉबरमन पाहिला, त्याच्या अंगावर केस नाहीत, तुझ्याकडची पौषातली थंडी त्याला सोसणार नाही. लॅब्रॅडॉर भारी गोड. पण ते चोरालाही शेपूट हलवतं, असं त्याच्या मालकिणीनंच कबूल केलं.

शेवटी बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमध्ये सुभद्राबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडे अल्सेशियनची पिल्लं आहेत. आईची जात कागदोपत्री, बापाची बहुतेक कागदोपत्री. त्यात एक नर आहे. दुर्गा, काय आवाज गं त्याचा! एवढंसं पिल्लू, पण भुंकलं की समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडते. मी म्हटलं, हाच. रानात कुठूनही भुंकला तरी दुर्गेला खडखडीत ऐकू जाईल. सुभद्राबाईंना सांगून ठेवलंय.

त्यानं माझा हात चाटला. मी गुलाबाच्या कुंडीतली माती लावून सात पाण्यांनी धुतला. सून हसत होती. हसू दे.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला नणंदेकडे यायचंय. जमलं तर तुझ्याकडे चक्कर टाकीन. तुझ्या पेशंटांना मला बघायचंय, लांबूनच.

अनीसा


अमरावती
१९ ऑक्टोबर २००५

दुर्गा,

परवा तुझ्याकडून निघाले तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. समोर बोलले नाही, कारण तू नजर वळवलीस आणि चुलीत नसलेली लाकडं सारखी करत बसलीस.

मी फाटकाशी उभी राहून तुला हाका मारल्या. आधी दुर्गा, मग दुर्गाबाई, मग वर्गात मारायचो तशी "ए दुर्गे!" तू पाठमोरी बसून तूर पाखडत होतीस. वळलीसुद्धा नाहीस. मला वाटलं, फोनवरचा राग अजून गेलेला नाही. आणि तेवढ्यात ओट्यावरची ती हाडांची काडी झालेली हरणी उठली. एकदा बसली, पुन्हा उठली. तुझ्यापर्यंत गेली आणि तिनं तुझा पदर दातांत धरून ओढला. मग फाटकाकडे तोंड केलं. तेव्हा तू वळलीस.

ती भुंकली नाही दुर्गा. एकदाही नाही. भुंकून उपयोग नाही हे तिला ठाऊक आहे.

तेव्हा कुठे मला फोनचा उलगडा झाला, आणि कुत्र्याशिवाय तू इथं का राहू शकत नाहीस त्याचाही. किती दिवस झाले गं? आणि मला का नाही सांगितलंस?

माझा रोजा म्हणून तू स्वतः दिवसभर चहाला शिवली नाहीस, ते मी पाहिलं. तुझ्या हातची वांग्याची भाजी डब्यातून आणली, इफ्तारला सगळ्यांनी खाल्ली. ह्यांनी डब्याचा तळ पुसून खाल्ला.

मी शाळेत तीस वर्षं काढली, नावाजलेल्या बाया पाहिल्या. सुई, सलाईन, झोळी, हरभऱ्याची पेरणी, आणि हे सगळं कानात आवाज नसताना. तुझ्यासारखी बाई मी पाहिली नाही. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू मला सूप फेकून मारलं असतंस, म्हणून लिहून पाठवतेय.

अनीसा


बार्शीटाकळी
२५ ऑक्टोबर २००५

अनीसा,

सूप मोडकं आहे, नाहीतर पोस्टानं पाठवलं असतं.

तीन वर्षं झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पाखरं गेली, मग माणसं. समोर बसून बोललं तर ओठांवरून समजतं. तीस वर्षं पोरांचे ओठ बघून पाढे म्हणवून घेतले, ती विद्या अशी कामाला आली. कानाचं मशीन अकोल्यातून आणलं होतं. घरात थोडं चालतं. रानात वारा सुटला की कानात नुसतं सूं सूं होतं, डोकं दुखतं. फोनवर तर कोणाचे ओठ दिसत नाहीत. सुगत आला की मी आधीच त्याच्यासमोर जाऊन बसते, म्हणून निभलं. त्याला कळलं तर शेत विकलंच समज.

हरणीला हे कोणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी ती भुंकायची आणि मी उठायचीच नाही. एकदा रानडुकरांनी अर्धी तूर लोळवली. दुसऱ्या दिवशी तिनं भुंकणं सोडलं आणि येऊन पदर ओढला. माणसांना हे समजायला वर्ष लागलं असतं.

तू दहा कुत्री पाहून सगळ्यात मोठ्या आवाजाचं निवडलंस, माझ्यासाठी! पत्र वाचून मी इतकी हसले की बुटक्या घाबरला. तुझी चूक नाही बाई, मीच सांगितलं नव्हतं. पण तो भोंगा बडनेऱ्यालाच राहू दे. मला आवाज नको. मला असं पिल्लू पाहिजे, जे आपणहून येऊन माणसाला हात लावतं. त्याची जात कोणती असते ते मला माहीत नाही.

हरणी आता दुधीलाही तोंड फिरवते. जरा लवकर कर.

दुर्गा


अमरावती
१० नोव्हेंबर २००५

दुर्गा,

ईद मुबारक, आणि मिठाईचा डबा माझ्यासोबत येतोय. मी रविवारी येतेय, टोपली घेऊन. टोपलीत काय आहे ते ऐक.

तुझं पत्र घेऊन पुन्हा बडनेऱ्याला गेले. सुभद्राबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, मला निवडू द्या, माझ्या पद्धतीनं. मग मी त्यांच्या मागच्या खोलीत फरशीवर बसले. भिंतीकडे तोंड, दोन्ही कानांत बोटं, दुपट्टा मागे सोडलेला. सुभद्राबाईंनी पिल्लं सोडली आणि बाहेर जाऊन दाराची कडी वाजवायला लागल्या. मला घाम फुटला होता. पाठीमागे कुत्री, आणि मला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. दुर्गा, तू तीन वर्षं अशी बसली आहेस हे मला त्या फरशीवर समजलं. कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. तुझा भोंगा दाराशी जीव तोडून भुंकत होता, हे सुभद्राबाईंनी मागाहून सांगितलं.

आणि मग माझा दुपट्टा ओढला गेला.

मी वळले. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. त्या वेतातली नव्हेच ती. सुभद्राबाईंनी प्लॅटफॉर्मवरून उचलून आणलेली मादी. दुपट्टा तोंडात धरून दाराकडे बघत होती. खेळत असेल म्हणून पुन्हा बसले, पुन्हा कडी वाजवली. पुन्हा तीच आली. सुभद्राबाई म्हणाल्या, "हिले कोणीच नेत नाही बाई, जातीची नाही ना! तुमी नेता का? नेऊन टाका, सुया मी दिल्या हाय."

मी तिला उचलली. मी! घरी आणली तेव्हा आमचे हे अंगणात उभे राहून बघत राहिले. टोपली अंगणातच आहे, घरात नाही. पण काल थंडी होती तर ह्यांनी स्वतःचा जुना स्वेटर तिच्यावर घातला आणि मला म्हणाले, "मैंने नहीं डाला."

अनीसा


बार्शीटाकळी
१८ डिसेंबर २००५

अनीसा,

एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन, कंडक्टरशी भांडत आलेली तू मला दिसतेस अजून. कुत्र्यापासून दहा हात लांब पळणारी बाई! मी कोणाला सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. त्या फरशीवर बसायला माझी हिंमत झाली नसती. मोठेपण काय असतं ते मी तुझ्यात पाहिलं, आणि आता तूही सूप शोधू नकोस.

आमच्याकडे पोरीला पोट्टी म्हणतात, तेच नाव ठेवलं. दुसरं सुचलं नाही आणि ती त्याच नावाला शेपूट हलवते.

हरणीनं पहिले चार दिवस तिच्याकडे पाहिलंच नाही. मला वाटलं, संपलं. मग एका सकाळी हरणी उठली आणि धुऱ्यानं चालायला लागली. दहा पावलं चालायची, बसायची. पोट्टी मागे. दर थांब्यावर हरणी हुंगायची, मग पोट्टी हुंगायची. तीन एकराची फेरी करायला त्यांना सकाळची दुपार झाली. मी बाटली आणि सुई घेऊन मागून. हरणीला बसवायची, सलाईन द्यायची, की ती पुन्हा चालायची. शेजारच्या मैनाबाई ओरडून हसत होत्या, तोंडावरून समजलं. "काहून वो दुर्गाबाई, कुत्र्याची दिंडी काढून राहिली का?" मी म्हटलं, "हाव, तुमी टाळ घेऊन या!"

शेजाऱ्याच्या बैलावर पोट्टी धावली, तेव्हा हरणीनं तिचं मानगूट धरून खाली दाबलं. दातांत जोर नव्हता, तरी पोट्टी गप पडून राहिली. पदर ओढायचं मात्र अजून अर्धवट आहे. टिटवी उडाली तरी ओढते, मैनाबाई शिंकल्या तरी ओढते. मी दर वेळी उठते. उठले नाही तर ती ओढणं सोडेल. लुगडी मात्र फाटली सगळी.

रात्री ती बुटक्याच्या लुळ्या पायांवर डोकं ठेवून झोपते. त्याला ते कळत नसावं, पण तो हलत नाही.

दुर्गा


अमरावती
४ जानेवारी २००६

दुर्गा,

एकच गोष्ट लिहायला बसले. सुगतला सांग. त्याच्यासमोर खुर्ची सरकवून ओठ बघत किती दिवस काढशील? ज्या बाईनं एवढं केलं तिनं पोरापासून लपावं, हे मला बघवत नाही. तो नाही म्हणाला तर नाही म्हणू दे. पण तुझ्या तोंडून कळू दे.

हरणीसाठी दुआ मागते. ह्यांना विचारलं, कुत्र्यासाठी मागितली तर चालते का? म्हणाले, "मांग लो, मैं कबसे मांग रहा."

अनीसा


बार्शीटाकळी
२२ जानेवारी २००६

अनीसा,

हरणी गेली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हात, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाही, म्हणून मीच सुई बंद केली. खूप रडले. सुगतच्या बाबांच्या वेळी माणसं होती म्हणून आवरलं होतं, या वेळी आवरलं नाही. बोरीखाली पुरलं. पोट्टी दिवसभर हुंगत फिरली आणि संध्याकाळी एकटीच धुऱ्यावर फेरी मारून आली.

तिसऱ्या दिवशी सुगत आला. जेवण झाल्यावर मी सांगून टाकलं, तू म्हणालीस तसं. म्हटलं, "सुगत, मले ऐकू येत नाही. तीन वर्षं झाले."  तो म्हणाला, "मले शंका होतीच आई. म्हणूनच मागे लागलो होतो. आता तर काही विचाराचंच नाही. उद्या बॅग भर." मी म्हटलं, पोट्टी आहे. तो म्हणाला, "पाच महिन्याचं पोट्टं ते, ते तुले राखील?" मी भांडले नाही. त्याचं तोंड बघून भांडवेना. मला वाटलं, गेले माझे तीन एकर.

सायंकाळी तो म्हणाला, गावात मित्राला भेटून येतो. मी ओट्यावर बसले होते. अंधारायला आलं होतं. हरभऱ्याचे घाटे भरत आलेत, मन तिकडेच लागलेलं. तेवढ्यात पोट्टीनं पदर ओढला. पाहिलं तर कुठे काही नाही. मला वाटलं, टिटवी. बसले. तिनं पुन्हा ओढला, या वेळी फाडलाच, आणि नाल्याकडे तोंड केलं. तिकडे फाटक नाही, वाट नाही. मी काठी घेतली. ती पुढे, पोट घासत, आवाज न करता. आवाज करत नव्हती हे मला कसं कळलं म्हणशील, तर तिचं तोंड मिटलेलं होतं. हरभऱ्यात कोणीतरी घोंगडी पांघरून वाकून चाललं होतं. घाटे चोरायला आलेला, दुसरा कोण असणार? मी मागून गेले आणि अशी एक ठेवून दिली!

घोंगडीतून सुगत निघाला.

आईला न सांगता तिची परीक्षा घ्यायला निघाले होते साहेब! नाल्याच्या बाजूनं, वारा बघून, चपला हातात घेऊन आले होते. आधी तो कळवळला, मग हसायला लागला, आणि हसता हसता हरभऱ्यात बसूनच रडला. पोट्टी त्याचं तोंड चाटत होती. मी हळद गरम करून दंडाला लावली, तेव्हा माझ्यासमोर चेहरा आणून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आई, तू राय इथंच. मी येत जाईन."

काल तो पुण्याला गेला. मी आणि पोट्टी एस.टी.पर्यंत गेलो होतो. खिडकीतून त्यानं डावा हात हलवला. उजवा अजून वर होत नाही.

तुझी,
दुर्गा